मैत्रीच्या आधी मजकूर बदलला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती आणि ज्यू यांच्यातील संवादाविषयी जे काही छापून येते, त्यात हस्तांदोलनाची छायाचित्रे आणि सदिच्छांची निवेदने यांचाच भरणा असतो. चार भली माणसे एकत्र बसली आणि शतकांचे वैर मिटले, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात या दोन समाजांत आज जो विश्वास दिसतो, तो प्रार्थनांच्या आणि धर्मशिक्षणाच्या मजकुरात केलेल्या दुरुस्त्यांमधून, तोही बऱ्याच वादावादीनंतर आला. ही बाजू वाचकांपुढे यावी म्हणून हा पत्रप्रपंच.

या दुरुस्त्यांमागे एका इतिहासकाराची चिकाटी होती. झ्युल इझाक यांनी लिहिलेली इतिहासाची पाठ्यपुस्तके फ्रान्समधील शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात होती. शिक्षण खात्यात ते महानिरीक्षक होते. १९४० मध्ये नाझी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने केवळ ज्यू म्हणून त्यांना पदावरून दूर केले. १९४३ मध्ये त्यांची पत्नी आणि मुलगी पकडल्या गेल्या आणि आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीतून परतल्या नाहीत. त्या काळात लपतछपत राहून या माणसाने शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलमधील येशूचरित्रांतील, वचने आणि चर्चमध्ये दिली जाणारी शिकवण शेजारी शेजारी ठेवून तपासली. येशू, त्यांची आई आणि पहिले शिष्य हे सारे ज्यू असताना, ख्रिस्तवधाचा ठपका ज्यूंच्या प्रत्येक पिढीवर ठेवण्यास आधार कोणता, हा त्यांचा सवाल होता. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेलिसबर्ग येथे ज्यू व ख्रिस्ती प्रतिनिधींची परिषद भरली. तिने ख्रिस्ती शिक्षकांसाठी जी दहा कलमे मंजूर केली, त्यांत इझाक यांच्या सूचनांचा मोठा वाटा होता.

१३ जून १९६० रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, इझाक पोप जॉन तेविसावे यांना भेटले. भेट थोडक्यात आटोपली, पण ते रिकाम्या हाताने गेले नव्हते. टिपणांचा संचच त्यांनी पोपसमोर ठेवला आणि या शिकवणीच्या तपासणीसाठी समिती नेमावी, अशी नेमकी मागणी केली. आदल्याच वर्षी पोपनी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील ज्यूंना उद्देशून असलेले निंदाव्यंजक विशेषण वगळले होते, त्यामुळे ही मागणी अगदीच अनोळखी कानांवर पडली असे नाही. पुढे ज्यूंविषयीच्या घोषणापत्राच्या मसुद्याचे काम जर्मन कार्डिनल ऑगस्टिन बेआ यांच्याकडे आले. अरब देशांतील बिशपांना राजकीय परिणामांची धास्ती होती, परंपरावाद्यांचा विरोध होता. मसुदा पुनःपुन्हा लिहिला गेला. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी घोषणापत्र मान्य केले. ख्रिस्तवधाचा दोष तेव्हाच्या सर्व ज्यूंवर सरसकट किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. इझाक मात्र १९६३ मध्येच निवर्तले होते.

ज्यूंच्या बाजूनेही सगळे बाहू पसरूनच उभे होते, असे मानू नये. १९६४ च्या मसुद्यात ज्यू कधीतरी चर्चमध्ये सामील होतील अशी आशा व्यक्त झाली, तेव्हा संवादाचे खंदे पुरस्कर्ते असलेले रब्बी (ज्यू धर्मगुरू) अब्राहम हेशेल यांनीच, धर्मांतर की आउश्वित्झ अशी निवड करावी लागली तर आपण आउश्वित्झ पत्करू, असे बजावले. अंतिम मजकुरात ती आशा तशी राहिली नाही. त्याच वर्षी रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी, सामाजिक प्रश्नांवर अवश्य एकत्र यावे, पण श्रद्धा हा वाटाघाटीचा विषय नव्हे, अशी मर्यादा घालून दिली. या भूमिकेला अनेक जण आडमुठेपणा म्हणतात. माझ्या मते तिने मैत्रीचे भलेच केले, कारण पलीकडच्याला आपला धर्म बदलायचा नाही याची खात्री पटल्याखेरीज कोणीही मोकळेपणाने बोलत नाही. ज्यूंना उद्देशून कोणतेही संस्थात्मक मिशनकार्य कॅथलिक चर्च करीत नाही, हे व्हॅटिकनच्या आयोगाने नि:संदिग्ध शब्दांत लिहिले, ते थेट २०१५ मध्ये.

प्रॉटेस्टंट पंथांचा प्रवास निराळा असला, तरी तिथेही गाडे लिखाणापाशीच अडले होते. मार्टिन ल्यूथर यांच्या १५४३ मधील ज्यूविरोधी लेखनाचा अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये जाहीर धिक्कार केला.

जर्मनीतल्या बव्हेरियातील ओबरअमरगाउ गावाचे ख्रिस्तवधाचे नाटकही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. १६३४ पासून चालत आलेल्या आणि हिटलरनेही वाखाणलेल्या या प्रयोगात, ज्यू जमाव येशूच्या रक्ताचा दोष स्वतःवर आणि मुलाबाळांवर ओढवून घेतो, ते वाक्य २००० साली गाळले गेले. अलीकडच्या प्रयोगांत येशू शिष्यांसह हिब्रू प्रार्थना म्हणतात. हा बदल ज्यू संघटनांच्या अनेक वर्षांच्या आक्षेपांनंतर आणि गावातल्याच दिग्दर्शकाने गावकऱ्यांशी घातलेल्या वादानंतर झाला.

म्हणून आपणास विनंती अशी, की एखादे पोप सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, भेट देतात तेव्हा छायाचित्र जरूर छापावे. मात्र त्या भेटीच्या आगेमागे कोणता मजकूर बदलला आणि कोणता तसाच ठेवला गेला, याचीही माहिती सोबत द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक