बंड्यास पत्र: क्लबात खरं नाणं आणायचं का?

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून तुला पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील तर भेटल्यावर भांड. हे मात्र तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. आईचा गुडघा बरा आहे, मीही ठीक.

आपल्या ब्लॉकचेन क्लबच्या हॅकेथॉनला प्रायोजक मिळालाय. पैसे भरपूर, पण अट अशी की त्यांच्या नव्या टोकनवर, म्हणजे क्रिप्टो नाण्यावर, सत्र ठेवायचं आणि प्रत्येक पोराने वॉलेट, म्हणजे डिजिटल पाकीट, उघडून ते तिथंच विकत घ्यायचं. कमिटी हरखलीय. मी दुसऱ्या वर्षाच्या सोलापूरच्या पोरीला म्हटलं, इथरस्कॅनच्या साइटवर त्यांचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा कोड, वाच. ती वाचून आली, "दादा, मिंट फक्त मालकाला करता येतं, आणि कमाल मर्यादाच नाही." म्हणजे तो मनाला येईल तेवढी टोकनं काढणार आणि आधी घेतलेल्यांच्या हाती धुपाटणं! बिटकॉइनची २ कोटी १० लाखांची मर्यादा आपण फळ्यावर बेरीज करून काढली होती: व्यवहारांच्या एकेका ब्लॉकमागे नवी ५० नाणी, दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मी. तुझं उत्तर चुकलं आणि तू खडू ओला असल्याचं सांगितलंस!

खजिनदार म्हणतो, २०२२पासून सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतंय, मग यात वावगं काय? अरे, कर घेतला म्हणजे हमी दिली का? एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजासुद्धा करता येत नाही. पहिल्या वर्षाची पोरं मेसचे पैसे घालतील, आणि तेही 'दादांनी सांगितलं' म्हणून. याच विचाराने रात्री झोप लागत नाही.

तू म्हणायचास आधी बिटकॉइनकर्त्या सातोशीचा नऊ पानी लेख, मी म्हणायचो आधी कोड. त्या टपरीवरच्या भांडणातून एकच गोष्ट दोघांना पटली होती: क्लबात खरं नाणं येणार नाही, सगळं टेस्टनेटवर, म्हणजे खोट्या नाण्यांच्या सरावाच्या जाळ्यावर. म्हणून तर पोरांनी परवा २०१६ची 'द डाओ' या इथरियमवरच्या सामायिक निधीतली चोरी सेपोलिया या टेस्टनेटवर करून दाखवली. शिल्लक वजा करण्याआधीच पैसे पाठवणारं कॉन्ट्रॅक्ट, पैसे काढायला पुन्हा पुन्हा हाक मारून रिकामं केलेलं. तेव्हा ३६ लाख इथर नाणी गेली होती. इथं कुणाचा रुपया गेला नाही, आणि एकूण एक पोराला कळलं.

तुझी नोकरी कशी? खोली मिळाली का? काकूंना नमस्कार. सोन्याच्या लग्नाला येतोयस ना?

शनिवारी सहाला बैठक आहे. व्हिडिओ कॉलवर ये. नियमाच्या वहीत तुझीही सही आहे, आणि कमिटी तुझं ऐकते. प्रायोजक गेला तर वर्गणी काढू, माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरू. त्यांची यादी तुझ्याकडेच आहे, ती आधी पाठव.

तुझा,
अव्या