चाक आवळण्यापूर्वी

ओतूर, रविवार रात्र

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू काल मध्यरात्री वाशीहून परतलीस आणि उद्या पहाटे मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला निघणार आहे. समोरासमोर बसून बोलणे आठवडाभर होणार नाही, म्हणून हे पत्र लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवतो आहे.

टोकावड्याजवळ पंक्चर काढल्यापासून गाडी हळू असताना मागून टकटक आवाज येतो, असे तू म्हणालीस. आज दुपारी तू झोपलेली असताना मी मागच्या डाव्या चाकाला पाना लावून पाहिला. पाचांपैकी दोन नट सहज पाव फेरा फिरले. तिसरा नट फिरत राहतो पण घट्ट होत नाही, हाताला मऊ लागतो. त्याचा स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा खिळा, ताणला जाऊन कायमचा लांबला आहे. उरलेले दोन इतके आवळलेले होते की सोडवताना माझे खांदे भरून आले. एकाच चाकावर सैल, घट्ट आणि निकामी असे तिन्ही प्रकार मिळाले, याचे कारण पंक्चरवाल्याने नट आवळायची हवेची गन एकापाठोपाठ एक नटावर दाबली आणि कुठे थांबायचे ते गनवर सोडून दिले.

चाक पाच स्टडवर टांगलेले असते अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड एखाद्या फार कडक स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाकाची डिस्क (नटांची भोके असलेली मधली थाळी) मागच्या ब्रेकच्या ड्रमवर दाबली जाते आणि त्या दाबामुळे होणारे घर्षणच गाडीचा भार, ब्रेकचा झटका आणि घाटातल्या वळणांचा जोर पेलते. दाब कमी झाला की डिस्क ड्रमवर बारीक सरकू लागते, दर फेऱ्याला स्टड वाकतो आणि सरळ होतो, आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसा तो एक दिवस तुटतो. तू ऐकलेला आवाज त्या सरकण्याचा होता. डिस्कवर नटांच्या भोकांपासून बाहेर गेलेल्या तांबूस गंजाच्या बारीक रेघा मी पाहिल्या. अशा रेघा कोणत्याही चाकावर दिसल्या तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नकोस.

मला हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. तू तिसरीत असताना खंडेनवमीच्या आधी मी हौसेने चारही डिस्क आतून-बाहेरून चंदेरी रंगवल्या, रंग पुरता वाळण्याआधीच चाके बसवली आणि दसऱ्यानंतर कांदा भरून निघालो. नट मी पूर्ण ताकदीने आवळले होते, तरीही आळेफाट्याच्या अलीकडेच स्टिअरिंग थरथरू लागले. उतरून पाहतो तर पुढच्या चाकाचे तीन नट बोटांनी फिरत होते. डिस्क आणि ड्रम यांच्यामधला रंगाचा थर चेपला गेला होता आणि त्याबरोबर स्टडचा ताणही निघून गेला होता. म्हणून जिथे डिस्क ड्रमला टेकते आणि जिथे नट डिस्कवर बसतो, तिथे रंग, माती, गंजाची पापुद्री काहीही राहता कामा नये. तारेचा ब्रश मी सीटमागे ठेवला आहे.

आट्यांना मात्र तेल किंवा ग्रीस लावू नकोस. आपल्याला ते काळजीचे वाटते, पण कोरड्या नटावर लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणण्यात जातो, बाकीचा सगळा घर्षणात खर्च होतो, आणि नट किती जोराने आवळायचा याचा गाडीच्या पुस्तिकेतला आकडा तसे धरूनच दिलेला असतो. तेलाने घर्षण घटले की तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

तो आकडा आपल्या गाडीसाठी 110 न्यूटन मीटर आहे. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे 22 किलोंचा भार दिला की तो गाठला जातो. आता पान्याला मीटरभर पाइप अडकवून तू त्याच्या टोकावर उभी राहिलीस, तर तुझ्या 55 किलोंनी तोच जोर जवळजवळ पाचपट होतो. रस्त्यावर सगळे असेच करतात आणि मीही वीस वर्षे केले.

चाक बसवताना नटाची निमुळती बाजू डिस्ककडे असू दे आणि प्रत्येक नट आधी हातानेच फिरव. पहिल्या दोन-तीन आट्यांत तो अडला तर वाकडा बसतो आहे असे समज. चाक हवेत असतानाच सगळे नट हलके आवळ, म्हणजे डिस्क सारखी बसते. आवळताना शेजारचा नट घ्यायचा नाही, एक सोडून पुढचा घ्यायचा, म्हणजे पाच रेघांची चांदणी पुरी होते. मग जॅक उतरवून टायर जमिनीला टेकव आणि त्याच क्रमाने टॉर्क पान्याने शेवटचा जोर दे. त्यावर लावलेला आकडा गाठला की तो ‘टक्’ म्हणतो, एकदा म्हणाला की थांब. खात्रीसाठी पुन्हा ओढलेस तर जोर वाढत जातो. (तुझे आजोबा चालवत त्या विलिस जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे होते, आणि ते ठाऊक नसलेल्या एका मदतनिसाने सोडवायचे म्हणून दोन स्टड आवळून तोडले होते. आपल्या गाडीचे सगळे आटे सरळ आहेत.)

चाक काढून बसवले की 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. ओतूरहून निघालीस की मुरबाडला तू चहाला थांबतेसच, तिथे चहा येईपर्यंत हे काम होते.

टॉर्क पाना निळ्या पिशवीत आहे. त्याने नट सोडवू नकोस, आणि ठेवताना त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेव. लांबलेला स्टड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टड बदलायचे आहेत, त्यासाठी ड्रम उतरवावा लागेल. मेस्त्रींना मी मंगळवारी सकाळी बोलावले आहे. तोवर गाडी अंगणातच राहू दे. सोमवारचा कांदा काकांच्या गाडीतून जाईल, तसे त्यांना सांगून ठेवले आहे.

तुझे,
बाबा