राजीनामा आला म्हणून लाचेची चौकशी थांबू नये: विधानसभाध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कर्नाटक विधानसभा,
सुवर्ण विधानसौध, बेळगाव

विषय: आमदाराने लाच घेतल्याच्या आरोपाची सभागृहामार्फत होणारी चौकशी

माननीय अध्यक्ष महोदय,

हे पत्र मराठीत आहे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. आमच्या मागणीचा एक भाग भाषेचाच आहे, तो पुढे येईल.

मुख्य मागणी अशी: आमदाराला पैसे दिल्याचा किंवा देऊ केल्याचा आरोप सभागृहात झाला, की ४८ तासांत मूळ पुरावा सील व्हावा, आणि संबंधित सदस्याने राजीनामा दिला तरी चौकशी अहवालापर्यंत जावी. दोन्ही गोष्टी कालमर्यादेसह सभागृहाच्या नियमांत लिहिल्या जाव्यात.

बेळगाव जिल्ह्याला हा विषय परका नाही. २०१९ मध्ये पक्षांतरावरून अपात्र ठरलेल्या १७ आमदारांत गोकाक, अथणी आणि कागवाडचे आमदार होते. सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०१९ चा निकाल कागवाडच्या तत्कालीन आमदारांच्या नावानेच ओळखला जातो. राजीनामा दिला म्हणून अपात्रतेची कारवाई टळत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले. पण तो निकाल पक्षांतरापुरता आहे. पैसे घेतले की नाही, हा प्रश्न संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदींत, येतच नाही. गावोगावच्या चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत होते, आणि अपात्रतेचा निकाल लागला की लाचेचा प्रश्नही निकाली निघाला असे लोक धरून चालतात.

राजीनाम्याचे काय करायचे याचा दाखला आपल्याच संसदेने १९५१ मध्ये घालून दिला आहे. एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिची बाजू संसदेत मांडली, असा आरोप होता. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या समितीने चौकशी केली. हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा चालू असतानाच मुद्गल यांनी राजीनामा दिला. सभागृह तेवढ्यावर थांबले नाही. त्यांचे वर्तन हकालपट्टीलाच पात्र होते आणि राजीनाम्यातली भाषा हा सभागृहाचा अवमान आहे, असा ठराव झाला. आम्ही मागतो आहोत ते एवढेच.

आता पुराव्याकडे येतो, कारण बहुतेक चौकश्या इथेच फसतात. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे चित्रण १२ डिसेंबर २००५ रोजी दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि २३ डिसेंबरला ११ खासदारांची हकालपट्टी झाली. समितीने प्रसारित झालेल्या तुकड्यांवर भिस्त न ठेवता न कापलेले मूळ चित्रण पाहिले, म्हणून अकरा दिवसांत हे जमले. राजा राम पाल प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती कारवाई टिकली. याउलट २२ जुलै २००८ रोजी खासदारांनी, ही आम्हाला दिलेली लाच आहे असे सांगत, लोकसभेत एक कोटीच्या नोटा टेबलावर ठेवल्या. देशाने ते पाहिले, पण पैसा कुणाकडून आला हे समितीला ठामपणे सांगता आले नाही आणि पुढचा तपास यंत्रणेकडे सोपवावा लागला.

नोटा आधीच हाताळल्या गेल्या की पुराव्याची साखळी तुटते. ५०० च्या नोटांत एक कोटी म्हणजे शंभर-शंभरच्या २०० गड्ड्या, वजन वीस किलोच्या वर. प्रत्येक गड्डीच्या कागदी पट्टीवर बँकेचा शिक्का आणि तारीख असते, आणि पैसा कोणत्या शाखेतून निघाला हे शोधायला ती पट्टीच उपयोगी पडते. मोजताना पट्ट्या फाडून टाकल्या, तर हाती फक्त नोटांचे क्रमांक उरतात. म्हणून पंचनाम्यात पट्टीसकट प्रत्येक गड्डीची नोंद आणि छायाचित्र हवे, आणि मोजणी नंतर. ज्या आमदाराला पैसे देऊ केले जातात त्याने ते स्वीकारून सभागृहात दाखवण्यापेक्षा आधीच लोकायुक्त पोलिसांकडे जावे. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावून सापळा रचता येतो, आणि घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. ही सोय पैसे हातात पडण्यापूर्वीच असते.

ध्वनिफितीचेही तसेच आहे. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेली फीत मूळ धरू नये. ज्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण झाले तो मोबाइलच सील करावा. त्यातली मूळ फाइल आणि तिची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जरा जरी फेरफार झाला तरी बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक) भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रात नोंदवावी. त्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक फीत देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दुसरा भाग कोरा राहिला की बचावाच्या वकिलाचे काम सोपे होते. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच मान्य केले आहे.

सीमाभागात घड्याळ आणखी वेगाने चालते. कोगनोळी नाका ओलांडला की गाडी महाराष्ट्रात. टोलनाक्यावरचे आणि हॉटेलातले चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत पुसून त्यावर नवे चढते. फोनच्या कॉलची नोंद कंपन्यांना दोन वर्षे ठेवावी लागते, कॅमेऱ्याच्या चित्रणाला मात्र तसा आधार नाही. समिती नेमायला महिना गेला, तर तिला पाहायला काही उरत नाही. म्हणून कोगनोळी, हत्तरगी आणि हिरेबागेवाडी नाक्यांवरचे चित्रण व फास्टॅगच्या नोंदी जपून ठेवण्याचे पत्र पहिल्याच दिवशी आपल्या सचिवालयातून निघावे.

आता भाषा. खानापूर, निपाणी, बेळगावकडची माणसे फोनवर बोलतात ती मराठी प्रमाण मराठी नसते. 'हप्ता देऊलाय' म्हणजे हप्ता देतो आहे. ही बोली न जाणणारा लेखनिक ते 'हप्ता दिलाय' असे लिहून मोकळा होतो. एवढ्याशा फरकाने चालू असलेली देवघेव पुरी झालेली ठरते, आणि लाच घेण्याचा प्रयत्न होता की लाच घेतली गेली यावर उलटतपासणी उभी राहते. 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण कन्नड भाषांतरात 'पेट्टिगे' आले की अहवालात खरोखरची पेटी अवतरते. त्यामुळे मूळ मराठी संभाषण देवनागरीत शब्दशः, शेजारी कन्नड भाषांतर, आणि संदिग्ध शब्दाला तळटीप, अशी प्रत हवी. ती करणारा माणूस याच भागातला असावा. साक्षीदारालाही मराठीत बोलू द्यावे आणि सही घेण्यापूर्वी त्याची जबानी त्याला मराठीत वाचून दाखवावी.

फौजदारी बाजू थोडक्यात. १९९८ च्या नरसिंह राव निकालाने लाच घेऊन मत देणाऱ्या खासदाराला संरक्षण मिळत होते. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात एकमताने ते मोडीत काढले. सभागृहातल्या भाषणाला आणि मताला संरक्षण देणारा अनुच्छेद १९४(२) आता लाचखोर आमदाराची ढाल नाही. लाच स्वीकारली की गुन्हा पुरा, मग मत कुणालाही पडो. म्हणून समिती आणि लोकायुक्त पोलीस यांचे काम एकाच वेळी चालावे, एकाने दुसऱ्याची वाट पाहू नये. विधानसभा बरखास्त झाली की समिती संपते, गुन्ह्याचा तपास संपत नाही. लोकायुक्त कायद्याच्या कलम २२ नुसार दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायची मालमत्तेची विवरणपत्रेही समितीने मागवावीत, आरोपाच्या आधीची आणि नंतरची.

एक अवघड प्रश्न राहतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन अध्यक्षांनीच सभागृहाला सांगितले, की एका ध्वनिफितीत अध्यक्षांसाठी ५० कोटींची भाषा आहे. अशा वेळी समिती कोणी नेमायची? १६९५ मध्ये इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचे अध्यक्ष जॉन ट्रेव्हर यांनी लंडन शहराकडून एक हजार गिनी घेतल्याचे उघड झाले, आणि ते दोषी असल्याचा ठराव त्यांना स्वतःच आसनावरून मताला टाकावा लागला. आपल्याकडे तशी वेळ येऊ नये. फितीत अध्यक्षांचे नाव आले, खरे असो वा खोटे, तर सर्व अधिकार त्याच दिवशी उपाध्यक्षांकडे जावेत.

सभागृहाचे अधिकार कमी आहेत असे कुणी म्हणू नये. याच विधानसभेने २०१७ मध्ये दोन नियतकालिकांच्या संपादकांना हक्कभंगाबद्दल एक वर्षाची कैद आणि दहा हजारांचा दंड सुनावला होता. तेच बळ आपल्या सदस्यांवरच्या लाचेच्या आरोपाची तड लावण्यासाठी वापरावे.

बेळगावच्या पुढच्या अधिवेशनापूर्वी हा विषय नियम समितीसमोर ठेवावा आणि मसुदा कन्नडबरोबर मराठीतही प्रसिद्ध करावा. त्यावर कलमवार लेखी सूचना आम्ही आठ दिवसांत देऊ.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील काही वकील व विधिमंडळ कामकाजाचे अभ्यासक