बाईकवाल्यांनी मॅप कुठला वापरावा?

संपादकसाहेब, नमस्कार.

मी टॉवेल-चादरीच्या ऑर्डरी घेत जिल्हाभर मोटरसायकलवर फिरणारा माणूस, महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर सहज होतात, त्यामुळं रविवारी नळदुर्गला नाश्त्याला निघणारी आमच्या बोळातली पोरं मलाच विचारतात, काका बाईकसाठी मॅपचं ॲप कुठलं बेस्ट, पैसे भरून घेऊ का. प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखायला लागलंय म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आधी माझी फजिती सांगतो. पावसाळ्यात मंगळवेढ्याकडनं येत होतो, संध्याकाळचे सात वाजलेले, ॲपचं नाव घेत नाही, पण त्यात कमी अंतराचा रस्ता ही सेटिंग चालू राहिली होती. बेगमपूरचा पूल धरून सरळ यायचं सोडून त्यानं मला सहा किलोमीटर वाचवायला आत घातलं, आधी डांबर, मग मुरूम, मग नुसती पाणंद. दुपारी पाऊस झालेला. आपल्या काळ्या रानातली माती कशी चिकटते ते सोलापूरकराला काय सांगायचं, मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी गच्च बसली की पुढचं चाक फिरेचना, रेस केली की मागचं जागच्या जागी गरगर आणि गाडी आडवी. पाना घेऊन माती खरवडत बसलो तर वस्तीवरचे एक आजोबा बॅटरी घेऊन आले, "कुठं निघालाव ओ हिकडनं?" सोलापूरला म्हटल्यावर हसायलाच लागले, म्हणे या महिन्यातले तुम्ही तिसरे. स्क्रीनवरचा बाण मात्र निळ्या रेघेवर मजेत उभा.

तर ॲपला रेघ कळते, रेघेखालची माती कळत नाही. गूगल मॅप्सनं टू-व्हीलर मोड डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आणला, जिथं कार जात नाही असे बोळ तो दाखवतो, नवी पेठेत, मधल्या मारुतीला त्याच्यासारखा सोबती नाही. पण तोच मोड तालुक्यात पावसात लावला तर बारक्या वाटा बघूनच घाम फुटतो. म्हणून माझा हिशोब असा की शहरात बाईक मोड, पावसात खेड्यापाड्यात कार मोड. मात्र पुण्याच्या पुढं मुंबईला निघालात तर उलटं करा, कारण कार मोड तुम्हाला एक्सप्रेसवेवर चढवेल आणि तिथं दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवर पण तसंच.

रेंज नसली की जीपीएस बंद पडतं असं पोरांना वाटतं, तसं नसतंय, सिग्नल उपग्रहावरून येतो त्याला नेट लागत नाही, नेट लागतं ते नकाशाला. घरी वायफायवर नकाशा उतरवून ठेवला की झालं. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स त्यासाठी चांगले, दोन्हीचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे २००४ पासून लोकांनीच भरत आणलेला. ऑस्मअँडमध्ये कच्चे रस्ते टाळा असा पर्याय पण आहे, फक्त रस्ता कच्चा आहे हे आधी कुणीतरी भरलेलं पाहिजे ना! मॅपल्स आपलं देशी, त्यात खड्डे आणि स्पीडब्रेकरचे इशारे येतात, ते मला आवडतं.

राहिली ती पैसेवाली, कुर्विगर, कॅलिमोटो वगैरे. दोन्ही जर्मनीची, मुद्दाम वळणावळणाचा रस्ता शोधून देतात. आता मला सांगा, इथून टेंभुर्णीपर्यंत दोरी लावल्यासारखा रस्ता, त्यात वळण शोधायला पैसे कशाला? आंबा घाट उतरून रत्नागिरीला चाललात तर घ्या खुशाल. दहा-बारा गाड्यांचा ग्रुप असेल तर ठरवलेला रस्ता जीपीएक्स फाईल (कुठल्याही मॅप ॲपात उघडणारी रस्त्याची फाईल) करून सगळ्यांना पाठवता येतो, ही त्यांची खरी सोय. पण पाठवताना रूट, म्हणजे नुसती मधली मधली ठिकाणं, नाही, तर ट्रॅक, म्हणजे आखलेली अख्खी रेघ पाठवा. रूट पाठवला की ज्याचं त्याचं ॲप मधला रस्ता आपल्या मनानं काढतं आणि निम्मी पोरं मोहोळला, निम्मी पंढरपूरला.

घ्यायच्या आधी एक करा, रोजच्या पायाखालचा रस्ता त्यात टाकून बघा, मी अक्कलकोट टाकतो. तिथं गंडलं तर अनोळखी मुलखात काय दिवे लावणार.

फोनचं पण बघा. मे महिन्यात आपल्या ४३ डिग्रीत हँडलवरचा फोन तापून स्क्रीन अंधारते, आणि इंजिनच्या व्हायब्रेशननं कॅमेरा खराब होऊ शकतो असं ॲपलनं स्वतः २०२१ मध्ये सांगितलंय. मी फोन खिशात ठेवतो आणि एका कानात आवाज. नियमाचं म्हणाल तर रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे, लक्ष विचलित होणार नसेल तर.

आता तुमच्याकडं मागणं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद झाला, तेव्हा आम्ही फिरस्ते लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांना विचारत होतो, कुठला पूल चालू, कुठला पाण्याखाली. पेपरात येतं "अनेक गावांचा संपर्क तुटला". अहो पण कुठल्या? पावसाळ्यात रोज पहिल्या पानावर एक चौकट द्या, पुलाचं नाव, कुठल्या दोन गावांमधला, कधीपासून बंद, एवढंच. गूगलवर आणि मॅपल्सवर बंद रस्ता कुणालाही कळवता येतो, चौकट बघून आमची पोरं ते काम करतील, मी त्यांना कामाला लावतो. आणि ऊस सुरू झाला की बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रात्री कुठं उभ्या असतात ते तर कुठल्याच मॅपला दिसत नाही, त्यावर वेगळं पत्र लिहीन.

आपला,
एक फिरता वाचक, सोलापूर