परसबाग : बियाण्याआधी माती पाहा

महोदय,

घराच्या अंगणात भाजीपाला पिकवू पाहणाऱ्यांना सल्ला मिळतो तो बियाण्यांचा आणि खतांचा. ऊन आणि माती यांकडे मात्र उशिरा लक्ष जाते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज किमान ६ ते ८ तास थेट ऊन हवे. तेवढे मिळत नसेल तर पालेभाज्या लावाव्यात, त्या कमी उन्हातही येतात.

मातीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जुन्या घराच्या भिंतीलगत पूर्वीच्या रंगांतले शिसे मातीत उतरलेले असू शकते. रहदारीच्या रस्त्याकडेला शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. शिसे कुजत नाही, वरच्या थरात वर्षानुवर्षे टिकते. पानांना, कंदांना आणि मुलांच्या हातांना चिकटलेल्या मातीतून ते पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. अशा जागी माती तपासल्याशिवाय काहीही लावू नये, असे माझे ठाम मत आहे. तपासणी शक्य नसेल तर बाहेरची चांगली माती भरून उंच वाफे करावेत.

माती निर्धोक असेल, तर ती उघडी ठेवू नये. पालापाचोळ्याचे आच्छादन ओलावा धरून ठेवते आणि तणही कमी होते. घेवडा, वाटाणा यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. म्हणून काढणीनंतर ही झाडे उपटण्याऐवजी बुंध्याशी कापावीत आणि मुळे जमिनीतच कुजू द्यावीत.

परसबागेवरील लेखांत माती तपासणीची माहितीही आपण आवर्जून द्यावी, ही विनंती.

– एक वाचक