मृगाच्या आत डोंगरावरचा रिपीटर सुरू करायचा आहे : हॅम रेडिओ क्लबचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, चिपळूणजवळच्या डोंगरावरील आमच्या क्लबच्या रिपीटरवर, म्हणजे एका सेटवरचे बोलणे पकडून पुढे सोडणाऱ्या यंत्रावर, वीज पडली. हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी सेटवर बोलणारी माणसे. सेट जळाला, खांबावरून उतरणारी केबल जागोजागी फुटली, बॅटरीही गेली. तेव्हापासून खेर्डीतल्या सभासदाचा आवाज हातातल्या सेटवरून शिरगावला पोहोचत नाही. मृग लागायच्या आत हा रिपीटर पुन्हा उभा करायचा आहे. एकट्या सभासदांच्या खिशातून हे काम होणारे नाही, म्हणून पंचक्रोशीतील नागरिक, व्यापारी बंधू आणि मुंबई-पुण्यातले आपले चाकरमानी या सर्वांना ही विनंती.

22 जुलै 2021 चा पूर चिपळूणकराला नव्याने सांगायची गरज नाही. त्या दिवशी फोन का बंद पडले, हे मात्र सांगायला हवे. वीज गेली की मोबाइल टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर. जनरेटर पाण्यात बुडाला, डिझेल पोहोचले नाही किंवा रस्त्याकडेची फायबर केबल दरडीबरोबर तुटली, की टॉवर जागच्या जागी उभा असूनही मुका होतो. आईवडील माडीवर चढले की नाही, एवढे कळण्यासाठी मुंबईतली मुले जीव मुठीत धरून बसली होती. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, 2 जुलै 2019 च्या रात्री, तिवरे धरण फुटले होते. वाशिष्ठीचे पाणी वर दसपटीत, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत, वाढते आणि मग शहरात येते. वरची खबर खाली वेळेवर यावी, ही या गावाची जुनी गरज आहे. पुरानंतर आम्ही काही जण एकत्र आलो ते याच विचाराने.

हातातला पाच वॅटचा सेट साधारण नजरेच्या टप्प्यातच बोलतो. आपल्याकडे प्रत्येक दोन गावांच्या मध्ये एक डोंगर आहे. रिपीटर त्याच डोंगराच्या माथ्यावर बसतो, 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी 600 किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने तेच बोलणे सोडतो. एकाच अँटेनावर ऐकणे आणि बोलणे एकमेकांत मिसळू नये म्हणून मध्ये डुप्लेक्सर नावाची पिंपे असतात. आमची पिंपे सुदैवाने वाचली आहेत. या सगळ्याला ना महावितरणची वीज लागते, ना कोणाची केबल. सोलार पॅनेल आणि बॅटरी पुरते.

तालुक्याबाहेर बोलायला रिपीटरही लागत नाही. दोन माडांच्या मध्ये प्रत्येकी सुमारे दहा मीटरच्या दोन तारा ताणल्या की 7 मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे तारांची साधी अँटेना, तयार होतो. तो मुद्दाम फार उंच बांधत नाहीत. त्यामुळे लहरी सरळ वर आयनांबरात, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या उंच थरात, जातात आणि तिथून छत्रीसारख्या खाली पसरतात. दिवसा कोल्हापूर, पुणे, मुंबई त्यात येतात, सह्याद्री आडवा येत नाही.

हे नुसते पुस्तकातले नाही. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांच्यासह काही हॅम मंडळी अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओ केंद्र लावून बसली होती. गेले होते छंदासाठी, जगभरच्या हॅमशी अंदमानातून संपर्क साधायला. 26 डिसेंबरला त्सुनामी आली. बाकीचे संपर्क तुटले तेव्हा त्याच सेटवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली गेली. तयारी छंदाची होती, म्हणूनच ती त्या दिवशी हाताशी होती. आमचाही भर यावरच आहे. संकटाच्या दिवशी पेटीतून काढलेला सेट कोणाला चालवता येत नाही, तो रोज वापरातला असावा लागतो.

म्हणून दर रविवारी संध्याकाळी आमचे नेट, म्हणजे रेडिओवरची हजेरी, असते. ते चालवणारा नेट कंट्रोल एकेका सभासदाला त्याच्या कॉलसाइनने, म्हणजे परवान्यावरच्या सांकेतिक नावाने, पुकारतो. पावसाळ्यात शिरगाव, पोफळी, अलोरे इथले सभासद अंगणातल्या पर्जन्यमापकाचा आकडा सांगतात, नदीकाठचे सभासद पाण्याची पातळी सांगतात, सगळे वहीत उतरते. पुराचा इशारा देणे प्रशासनाचे काम आहे, ते आम्ही करत नाही. निरोप जसाच्या तसा पोहोचवणे आमचे काम. शब्द न बदलता, नाव न चुकवता निरोप सांगणे वाटते तेवढे सोपे नाही, त्यालाच खरा सराव लागतो.

शाळांमध्येही आम्ही जातो. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप आणि स्टीलच्या मापन टेपचे तुकडे यांची यागी अँटेना मुले स्वतः बनवतात आणि 145.800 मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ऐकतात. स्थानक आपल्या आकाशातून जेमतेम दहा मिनिटे जाते, तेवढ्या वेळात अँटेना त्याच्या मागे फिरवत राहायची. जुलै 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावरून हॅम रेडिओवर बंगळुरूशी बोलले, त्यानंतर मुलांचे प्रश्नच संपत नाहीत. गावात एक सेट दुरुस्त करणारी पोर तयार झाली तर तो फायदा पुरापुरता राहणार नाही.

आता खर्चाचे. रिपीटर सेट 48 हजार, लिथियम बॅटरी 32 हजार, पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर 14 हजार, कोअॅक्स केबल आणि कनेक्टर 18 हजार, अँटेना 12 हजार आणि वीजरोधक व अर्थिंग 16 हजार. एकूण 1 लाख 40 हजार रुपये. सभासदांनी 55 हजार जमवले आहेत, 85 हजार कमी पडतात. अर्थिंगवर आम्ही काटकसर करणार नाही. गेल्या वेळी कातळावर पट्टी जेमतेम टेकवली होती. या वेळी खाली माती लागेपर्यंत तांब्याची पट्टी नेऊन तीन ठिकाणी खड्डे घेणार आहोत. शंभर रुपयेही चालतील. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि खरेदीची सर्व बिले रविवारच्या बैठकीत कोणालाही पाहता येतील.

पैशाखेरीजही पुष्कळ काही हवे आहे. दोन दिवस खांबावर चढून काम करणारा वायरमन किंवा फॅब्रिकेटर, सामान डोंगरावर न्यायला एक पिकअप आणि चार दणकट हात, वीस फुटी जीआय पाइप. नदीकाठी पेठमाप आणि गोवळकोट भागात, जिथे पाणी पोहोचत नाही अशा माडीवर अँटेना लावायला जागा मिळाली तर फारच बरे.

एक विनंती मात्र मनापासून. ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी विकत घेऊन आम्हाला देऊ नका, आणि स्वतःही परवान्याशिवाय वापरू नका. भावना चांगली असली तरी ते बेकायदेशीर आहे, आणि ऐन वेळी त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंधळ झाला तर खरा निरोप दबतो. पैसे घेऊन निरोप पोहोचवणेही हॅमच्या हौशी परवान्यात बसत नाही. आमची सेवा विनामूल्य आहे आणि तशीच राहील.

सर्वांत जास्त गरज माणसांची आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेड या सुरुवातीच्या परवान्याला मोर्स, म्हणजे कट्ट-कडची सांकेतिक लिपी, लागत नाही. रेडिओचे प्राथमिक ज्ञान आणि नियम यांचा अभ्यास पुरतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर भरतात. अर्ज भरण्यापासून अभ्यासापर्यंत सगळे आम्ही मराठीतून शिकवतो, फी घेत नाही. दसपटीतल्या प्रत्येक वाडीत एक तरी परवानाधारक असावा अशी आमची इच्छा आहे. आज तिवऱ्याच्या बाजूला एकही नाही. तिथल्या शिक्षकांनी, आशाताईंनी, कॉलेजच्या मुलामुलींनी पुढे यावे. स्वतःचा सेट घेणे परवडत नसेल, तर परवाना मिळाल्यावर क्लबचा सेट वापरायला देऊ.

देणगी क्लबच्या नावे धनादेशाने किंवा रोखीने कोणत्याही सभासदाकडे द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. सामान मागवायला आणि कातळात खड्डे घ्यायला वेळ लागतो, म्हणून मदत 15 मेपर्यंत मिळावी. धनादेशासोबतच्या चिठ्ठीवर आपला फोन नंबर आणि ‘रिपीटर’ एवढे लिहावे, म्हणजे चाचणीच्या दिवशी डोंगरावर येण्याचे निमंत्रण आपल्याला देता येईल.

आपले,
क्लबचे कार्यकारी मंडळ व सर्व सभासद