भट्टी सांभाळणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

प्रबंध परवा सादर झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे, पण तिथल्या एका ओळीने माझं समाधान होईना.

निकेल सुपरअलॉयचा, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा, पहिला नमुना घेऊन आले तेव्हाच तुम्ही सांगितलंत: रिकामी क्रुसिबल (नमुना ठेवायची उष्णतारोधक वाटी) आधी तापवून तिचं वजन स्थिर करून घे, झाकण लाव, आणि तापवण्या-थंड करण्याच्या दर फेरीनंतर वजन दोनदा घे, एकदा नुसत्या नमुन्याचं आणि एकदा क्रुसिबलसकट. माझ्या तिसऱ्या प्रकरणातला सगळा युक्तिवाद याच सवयीवर उभा आहे.

११०० अंश सेल्सिअसला मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) पातळ थर धरतं. थर जाड होईल तसा ऑक्सिजनचा आत येण्याचा मार्ग लांबतो आणि वाढ मंदावते. पॅराबोलिक नियम तो हाच; त्यामागचा सिद्धांत वाग्नर यांनी १९३३ साली मांडला. खरी परीक्षा नमुना थंड होताना असते. धातू ऑक्साइडपेक्षा जवळपास दुप्पट आकसतो, थर दाबला जातो आणि टवके उडतात. तुम्ही मला भट्टीजवळ थांबवून तो बारीक टिकटिक आवाज ऐकवला होतात, "ऐक, सुटतंय बघ."

ऑक्सिजनने वजन वाढतं, टवक्यांनी घटतं. दोन्ही बरोबरीत आले की नुसत्या नमुन्याचा आलेख अगदी शांत दिसतो, आणि आत मात्र ॲल्युमिनियमचा साठा संपत असतो. तो पुरेसा उरला नाही की निकेल ऑक्साइड आणि स्पिनेल (दोन धातूंचं मिश्र ऑक्साइड) भराभर वाढतात. आपल्या दोन मिश्रधातूंचे आलेख सुरुवातीला जुळे वाटत होते. क्रुसिबलमध्ये साठलेल्या टवक्यांच्या वजनाने फरक दाखवला: किंचित यिट्रियम हे मूलद्रव्य असलेल्या धातूने थर धरून ठेवला होता, दुसऱ्याने दर फेरीला सोडला होता. गंधकाचे काही पीपीएमसुद्धा (दहा लाखांत काही भाग) थराची पकड सैल करतात आणि यिट्रियम त्या गंधकाला बांधून ठेवतं, हे मी वाचलं होतं. तुमच्यामुळे ते मोजता आलं.

(क्रोमियाचा, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा, थर मात्र हजार अंशांच्या वर वायू होऊन निसटतो, तिथे वजनावर भिस्त ठेवता येत नाही. ते नमुने कापूनच पाहावे लागले, आणि ते कापायलाही तुम्हीच बसलात.)

पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेत नवी विद्यार्थिनी येते आहे. माझी वजनांची वही तिच्यासाठी तराजूशेजारी ठेवली आहे. क्रुसिबल तिला तुम्हीच दाखवा.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी